दोन सेंटीमीटरचा एक फूट

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून दहा मिनिटं चाललं, की कोपरीत घरांचे सगळे नमुने दिसतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची कॉलनी, चेंदणी कोळीवाड्यातली जुनी घरं, चाळी, आणि पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या उंच इमारती. तरीही मे महिन्याच्या सुट्टीत तिसरी-चौथीतल्या बारा मुलांना मी म्हटलं, ‘घर काढा,’ तेव्हा बाराही कागदांवर एकच घर आलं. उतरतं छप्पर, त्यावर धुराडं, मागे दोन डोंगर आणि डोंगरांच्या मधे सूर्य. धुराडं त्यांच्यापैकी एकाच्याही घराला नव्हतं.

मी तीस वर्षं एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढले. निवृत्तीनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचा वर्ग सुरू केला, तेव्हा पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. भिंती, दारं, छप्पर सगळं पुठ्ठ्यातून आधीच कापून ठेवलं होतं. मुलांनी नुसता फेविकॉल लावला. घरं सुबक झाली, पालकांनी फोटो काढले, आणि जाताना निम्मी मुलं आपापलं घर तिथेच विसरून गेली. माझ्या मनाला ते फार लागलं.

दिवाळीत हीच मुलं बिल्डिंगच्या मागे किल्ला करत होती. विटा, माती, वर ओलं गोणपाट, त्यावर पेरलेले अळीव. बुरूज कुठे घ्यायचा यावरून कडाक्याचं भांडण चाललं होतं. एक जण म्हणाला, ‘इथून शत्रू चढेल ना!’ तिथे मला उलगडलं. किल्ला कुणासाठी आणि कुणापासून, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घराच्या बाबतीत हा प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता.

पुढच्या मे महिन्यात पहिले दोन दिवस कात्री काढलीच नाही. प्रत्येकाला मेजरटेप दिली आणि राहतं घर मोजून आणायला सांगितलं. प्रमाण ठरवलं एका फुटाला दोन सेंटीमीटर. दहा बाय बाराची खोली वहीच्या पानावर वीस बाय चोवीस झाली. सहा फुटांचा दिवाण बारा सेंटीमीटरचा. प्रत्येकाने पुठ्ठ्यातून स्वतःलाही कापलं. चार फुटांचं मूल आठ सेंटीमीटरचं. त्या छोट्या माणसाला हातात धरून मुलं घरभर फिरवत होती. एका मुलीने बाहुला ओट्यापाशी उभा केला, मग आजीचा केला आणि म्हणाली, ‘काकू, आजीला मागच्या डब्यापर्यंत हातच पोचत नाही.’ रोज बघत असलेली गोष्ट तिला त्या दिवशी मापातून दिसली.

यात नवं काही नाही. जर्मनीत फ्रोबेलने 1837 मध्ये बालोद्यान सुरू केलं तेव्हा मुलांच्या हाती लाकडी ठोकळे दिले. फ्रँक लॉइड राइट लहानपणी त्याच ठोकळ्यांशी खेळला, आणि पुढे मोठा वास्तुकार झाल्यावरही त्यांचं ऋण मानत राहिला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. शिंपले, खडे, बिया हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य. विकतच्या किटपेक्षा मला ती वाट जवळची वाटते; खोक्याचा पुठ्ठा आणि आइस्क्रीमच्या काड्या पुरतात.

पण माझ्या वर्गातलं त्या वर्षीचं सर्वांत चांगलं घर खाडीच्या बाजूच्या चाळीत, तळमजल्यावर राहणाऱ्या एका मुलाचं. त्याचं जोतं चार सेंटीमीटर उंच होतं. एवढं कशाला, विचारलं तर म्हणाला, ‘भरती असताना मोठा पाऊस आला की पाणी आत येतं. भिंतीवर डाग आहे. मी मोजला, सव्वा फूट.’ म्हणजे अडीच सेंटीमीटर. त्याने जोत्याला पॅकिंगची टेप गुंडाळली, घर परातीत ठेवलं आणि पट्टी धरून तेवढं पाणी ओतलं. बाराही जण गुडघ्यांवर बसून बघत होते. पाणी दाराच्या खाली थांबलं.

टाळ्या पडल्या तेवढ्यात कुणीतरी विचारलं, ‘तुझी आजी वर चढणार कशी?’

मग पायऱ्यांचा हिशेब सुरू झाला. दोन फूट चढायला अर्ध्या फुटाचे चार टप्पे, म्हणजे जोत्यासमोर फूटभर रुंदीच्या तीन पायऱ्या. समोरची गल्ली त्याने मोजून आणली होती, चार फूट. तीन फूट पायऱ्यांत गेले आणि जाण्यायेण्याला उरला एक फूट. तो बराच वेळ गप्प बसला. मी मुद्दाम काही बोलले नाही, आणि ते फार जड गेलं, कारण उत्तर माझ्या ओठांवर होतं. शेवटी त्याने पायऱ्या उचलल्या, काटकोनात वळवल्या आणि भिंतीला समांतर लावल्या. गल्लीत तीन फूट मोकळे राहिले. अशा अडचणीच्या जागी आमच्या कचेरीतही हेच करत.

संध्याकाळी त्याचे वडील न्यायला आले. त्यांनी घर हातात घेतलं नाही. आधी खाली बसले आणि त्याच्याकडून सगळी मापं ऐकून घेतली.

त्या वर्षी एकही घर हॉलमध्ये राहिलं नाही.

येत्या सुट्टीत तुमच्याकडच्या मुलांना एक मेजरटेप, पट्टी आणि खोक्याचा पुठ्ठा द्या, आणि आधी राहतं घर मोजू द्या. जाड पुठ्ठा कापायचं काम तेवढं मोठ्यांनी करावं. पायऱ्या कुठे लावायच्या ते मात्र सांगू नका.