डी९०, झेड ५० आणि बाबांचा उजवा डोळा

मंडळी, गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारा एखादा प्राणी ऑफिसात असला की लोक त्याला दोनच प्रश्न विचारतात. एक, "माझ्या साखरपुड्याला येशील का रे?" आणि दोन, "डीएसएलआर घेऊ की मिररलेस?" पहिल्याला मी हल्ली सरळ नाही म्हणतो. (साडेसातशे फोटो काढा, त्यातले निवडा, एडिट करून द्या आणि वर "आत्याचा एकही चांगला नाही आला" हे ऐका. नको रे बाबा.) दुसऱ्याचं उत्तर मात्र लांब आहे, चहाच्या ब्रेकमध्ये न बसणारं. म्हणून आज शनिवार गाठून लिहून टाकतोय.

आमच्या घरात दोन्ही आहेत. निकॉनचा डी९० आणि निकॉनचाच झेड ५०. डी९० बाबांचा. तो जाहीर झाला ऑगस्ट २००८ मध्ये, आणि बाबांनी घेतला २००९ मध्ये, मनीबॅक पॉलिसीचा हप्ता हातात आल्यावर. मी तेव्हा सातवीत होतो आणि त्या पैशांत कॉम्प्युटर येईल अशी माझी भाबडी समजूत होती. व्हिडिओ काढता येणारा हा जगातला पहिला डीएसएलआर. बाबांनी त्यावर आजतागायत एकही व्हिडिओ काढलेला नाही ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे डी९० जाहीर झाल्यावर महिन्याभरातच, सप्टेंबर २००८ मध्ये, पॅनासॉनिकने जी१ जाहीर केला. लेन्स बदलता येते, पण आत आरसा नाही आणि डोळा लावायच्या जागी चिमुकला इलेक्ट्रॉनिक पडदा. म्हणजे आमच्या घरी खोकं उघडलं गेलं त्याच्या आधीच त्या जातीची उतरण सुरू झाली होती. तुम्ही आयटीत असाल तर यात नवल वाटायचं कारण नाही. आपण एखादं फ्रेमवर्क शिकून जरा हात बसतो न बसतो तोच...असो.

झेड ५० हा २०१९ चा. मी घेतला तो सेकंडहॅंड. आकडे हवेत त्यांच्यासाठी पटापट सांगतो. डी९० ला १२.३ मेगापिक्सेल, झेड ५० ला २०.९. डी९० ला फोकसचे ११ बिंदू, तेही बरेचसे मधोमध. झेड ५० ला २०९, जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले. एका सेकंदात डी९० साडेचार फोटो काढतो, झेड ५० अकरा. कमी उजेडात तर तुलनाच करू नये. डी९० चा आयएसओ १६०० च्या पुढे नेला की फोटोत रवा पडायला लागतो. बॅटरीत मात्र म्हातारा बाजी मारतो. एका चार्जिंगवर ८५० फोटो हा डी९० चा अधिकृत आकडा, झेड ५० चा तीनशेच्या आसपास.

झाली तुलना. कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत एवढंच असतं आणि निकाल स्पष्ट असतो. पण मेगापिक्सेलचं म्हणाल तर आजीचा झोपाळ्यावरचा फोटो आमच्या हॉलमध्ये १२ बाय १८ इंचाचा लावलाय. ४२८८ भागिले १८ करा, इंचाला जवळजवळ २४० ठिपके मिळतात. सुरकुती न् सुरकुती दिसते. १२ मेगापिक्सेल त्या भिंतीला कधी कमी पडले नाहीत. तेव्हा मेगापिक्सेल सोडा. खरा फरक आहे तो आरशाचा, आणि त्या आरशाचं महत्त्व माझ्या लक्षात आलं ते बाबांच्या डोळ्यामुळे.

आधी आरसा. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड पंचेचाळीस अंशातल्या आरशावर आपटतो, वर जातो, प्रिझममधून फिरतो आणि तुमच्या डोळ्यात शिरतो. मध्ये ना सेन्सर, ना प्रोसेसर. समोरच्या बगळ्यावरून निघालेला तोच उजेड तुमच्यापर्यंत पोचतो. कॅमेरा बंद असला तरी दिसतं. (डी९० ची बॅटरी पूर्ण काढून ठेवली तर दृश्य अंधूक होतं, कारण फोकसचे चौकोन दाखवायला आत एक एलसीडीचा थर आहे. तेवढी पडद्याची भानगड त्यातही होतीच.) बटण दाबलं की आरसा खटॅक करून वर जातो, सेन्सरवर उजेड पडतो, आरसा परत खाली. म्हणजे ज्या क्षणी फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही! इतकी वर्षं जगभरचे फोटोग्राफर तो क्षण न बघताच काढत होते. मला हे भारी वाटतं.

आणि हा आरसा हलायला जागा लागते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सची कडी ते सेन्सर हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. झेड माउंटमध्ये आरसाच नाही, म्हणून १६. कॅमेरा बारीक झाला तो असा. बाबांची पक्ष्यांची जोडी, म्हणजे डी९० आणि ७०-३०० ची लेन्स, भरते १४५० ग्रॅमच्या आसपास. झेड ५० आणि त्याची ५०-२५० ची लेन्स ८५५. झूम थोडा कमी मिळतो हे खरं, पण सहाशे ग्रॅम वाचतात. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. कोपर टेकायला जागा नसलेल्या होडीत तेच वजन डोळ्याला लावून वीस मिनिटं बसून बघा.

होडी कुठून आली? सांगतो. आमचं घर बारामतीला. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. भिगवण तिथून पाऊण तासावर, आणि हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे स्कूटर काढून उजनीच्या पाणथळीवर जायचं हा त्यांचा नेम. कुंभारगावच्या मच्छीमारांच्या होड्या ठरलेल्या. रोहित, चित्रबलाक, कैकर, नदी सुरय. मला आधी पक्ष्यांची मराठी नावं कळली, मग इंग्रजी. "बगळा असला की उणे दोन तृतीयांश, पाणकावळा असला की अधिक," हा एक्स्पोजरचा धडा मी आठवीत पाठ केलेला.

तर हा नेम दोन हिवाळे बंद पडला. विचारलं की बाबा म्हणायचे, "पक्षी कमी झालेत रे हल्ली." ते खरं असेलही, पण खरं कारण आईने सांगितलं. खांदा धरलेला होता, उजवा हात वर जाताना दुखायचा. आणि उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. लांबचं स्वच्छ दिसेल अशी लेन्स आत बसवली, जवळचं वाचायला चष्मा. ऑपरेशन उत्तम झालं, रोहितांचा थवा त्यांना माझ्याआधी दिसतो. पण कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा? तो येतो वीतभर अंतरावर. तिथे नुसता धूसर चौकोन. चष्मा लावा, फोटो बघा, चष्मा काढा, कॅमेरा डोळ्याला लावा, परत चष्मा.. हलत्या होडीत हे कोण करणार? म्हणून त्यांनी काढलेले फोटो तिथे बघणंच सोडून दिलं. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडायचे तेव्हा निम्मे हललेले. दोन-तीन रविवार असे गेले आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आता आपल्याला जमत नाही. हे "जमत नाही" त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पक्ष्यांवर ढकललं.

झेड ५० मी घेतला तो याच्यासाठी. घरी अर्थात "माझ्यासाठी घेतलाय" असंच सांगितलं, नाहीतर "एवढे पैसे कशाला घातलेस" पासून सुरुवात झाली असती. कारण साधं होतं. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये पडदा असतो, आणि त्याच्यापुढे भिंग. बाजूचं छोटं चाक फिरवून ते तुमच्या नजरेला जुळवता येतं. म्हणजे डोळ्याला तो पडदा जवळचा वाटत नाही, लांब ठेवल्यासारखा दिसतो. आणि त्याच भोकातून नुसतं दृश्य नाही, तर काढलेला फोटो, मेनू, हिस्टोग्राम, सगळं दिसतं. झूम करून पिसं तपासता येतात. चष्मा खिशात.

मिररलेसचा हा फायदा मी एकाही तुलनेच्या तक्त्यात वाचलेला नाही. पंचविशीतली मुलं तक्ते बनवतात, दुसरं काय.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. कार घेऊन, दोन्ही कॅमेरे घेऊन. बाबांनी सुरुवातीलाच निकाल दिला, "हा कॅमेरा नाही, टीव्ही आहे." मी गप्प. डावीकडे बगळा होता. त्यांनी झेड ५० डोळ्याला लावला, सवयीने उणे करायला गेले आणि थांबले. बगळ्याचं पांढरं जळतंय हे त्यांना बटण दाबायच्या आधीच दिसत होतं, आणि चाक फिरवल्यावर ते जागेवर येतानाही. "हे म्हणजे उत्तरं बघून गणित सोडवण्यासारखं झालं," म्हणाले. मास्तरच ते! पण चाक फिरवत राहिले.

त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. डी९० वर अंदाज बांधावा लागतो, चुकतो, आणि चुकल्यामुळे उजेड समजायला लागतो. कोणी शिकायला म्हणून विचारलं तर मी आजही कुणाकडून तरी जुना डीएसएलआर माग असंच सांगेन. पण बाबांना शिकायचं नव्हतं. त्यांना बगळा हवा होता.

मग नदी सुरय आले. हा पक्षी पाण्यावर घिरट्या घालतो आणि अचानक दगडासारखा खाली पडतो, मासा घेऊन वर. इथे मात्र टीव्ही उघडा पडला. पडद्यावर दिसतं ते सेन्सरने वाचलेलं, प्रोसेसरने मांडलेलं, म्हणजे जे घडलं त्याच्या किंचित नंतरचं. एरवी जाणवत नाही, सुरयाच्या सुरात जाणवतं. त्यात वीज वाचवायला पडदा मिटलेला असतो, डोळा नेल्यावर जागा व्हायला क्षणभर घेतो. बाबा वैतागले. "अरे, हा मला शिळं दाखवतोय!" आणि त्यांनी डी९० मागितला.

दहा मिनिटं त्यांनी तो चालवला. खटॅक, खटॅक. होडीवाल्या दादांनीही मान वळवून बघितलं, त्यांना तो आवाज ओळखीचा. चेहऱ्यावर काय खुशी! मग डावा हात खाली आला, मग उजवा, आणि कॅमेरा मांडीवर. काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. परतीच्या वाटेवर रोहितांसाठी झेड ५० त्यांनी स्वतःच उचलून घेतला.

काठावर टपरीत चहा सांगितला. बाबा बाकावर बसले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि भिंतीकडे तोंड करून ढिम्म. टपरीवाला माझ्याकडे बघायला लागला, हे काका भिंतीचे फोटो काढतायत की काय? :) ते फोटो बघत होते. एकेक, झूम करून, पिसं, चोच, डोळा. "रोहिताचा डोळा पिवळा असतो, हे बघ," म्हणून कॅमेरा माझ्याकडे दिला, लगेच परत घेतला. माझा चहा पिऊन झाला, त्यांच्या कपावर साय धरली. शेवटी म्हणाले, "तीन हललेत. बाकीचे बरे आहेत."

या दोन वाक्यांसाठी मी झेड ५० चे बाकीचे सगळे दोष माफ केलेत. आणि दोष आहेत. बाबांची लाडकी ५० एमएम एफ/१.८ डी ही लेन्स डी९० वर आपोआप फोकस होते, कारण तिला फिरवणारी मोटर डी९० च्या अंगात आहे. झेड ५० ला ती अडॅप्टर लावून जोडता येते, पण त्या अडॅप्टरमध्ये मोटर नाही, हाताने फोकस करा. लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडतो, टपरीवरच्या धुळीत तर बदलूच नका. आवाज बंद करून फोटो काढता येतात खरे, पण वेगाने हलणारा पंख तेव्हा वाकडा येऊ शकतो आणि एलईडी दिव्याखाली पट्टे पडतात. शिवाय आवाज नसला की आईची पंचाईत. खटॅक झालं की तिला कळायचं, आता श्वास सोडला तरी चालेल. हल्ली ती दात दाखवून बसून राहते आणि विचारते, "काढलास का? की अजून?"

तर ऑफिसमधल्या मित्रांनो, कुठला घेऊ? हातातल्या पैशांत बसेल तो नवा मिररलेस घ्या. नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळासुद्धा स्वतः शोधतात (झेड ५० ला माणूस आणि कुत्रा-मांजर एवढंच कळतं). पण आकडे बघून घेऊ नका. दुकानात जा, डोळा लावा, आणि तो कॅमेरा ज्याच्या गळ्यात राहणार आहे त्यालाही डोळा लावू द्या.

आमच्याकडे व्यवस्था अशी झाली की झेड ५० बारामतीला राहिला आणि डी९० पुण्यात माझ्याकडे आला. मीच तो जुन्या बाजारात काय किमतीला जातो ते विचारलं होतं, त्यावर बाबा "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. मी त्याला नवीन बॅटरी आणलीये. रविवारी पाषाण तलावावर घेऊन जातो, अंदाज चुकतात, मजा येते.

बाबा मार्चमध्ये मला न सांगता दोनदा भिगवणला जाऊन आले. परवा फोन आला, "अरे, यातले फोटो मोबाईलवर कसे घ्यायचे?" मी सांगायला लागलो, मोबाईलमध्ये आधी ब्लूटूथ चालू करा, मग ते अ‍ॅप उघडा, मग वर उजवीकडे... पाच मिनिटं ते हं हं करत होते.

मग म्हणाले, "थांब जरा. मोबाईलला चष्मा लागतो, तो घेऊन येतो."