नाकारलेल्या पेप्टाइडांची ओळ

विषाणूविरुद्धच्या लशीची आखणी करताना संगणकाला विचारला जाणारा प्रश्न वरकरणी साधा असतो. विषाणूच्या प्रथिनांचे जे हजारो लहान तुकडे पडू शकतात, त्यांपैकी कोणता तुकडा माणसाच्या टी पेशींना, म्हणजे संसर्ग झालेली पेशी हेरून तिला मारणाऱ्या किंवा त्या कामी इतरांना साह्य करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ओळखता येईल एवढेच त्याने सांगायचे असते. असा ओळखला जाणारा तुकडा म्हणजेच एपिटोप. टी पेशीला विषाणू सुटा दिसत नाही, तर एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत धरून पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेला तुकडा, म्हणजे पेप्टाइड, तेवढा दिसतो. या शोधाचा पाया १९७४ मध्ये रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी कॅनबेरा येथे उंदरांवरील कामातून घातला. १९८७ मध्ये स्फटिकचित्रणातून ती खोबणी प्रत्यक्ष दिसली, आणि १९९१ मध्ये ट्युबिंगेन येथे खोबणीतून सोडवून घेतलेल्या पेप्टाइडांचे वाचन झाल्यावर प्रत्येक एचएलए प्रकाराची आवड ठरलेली असते हे स्पष्ट झाले. एचएलए-ए*०२:०१ हा प्रकार नऊ अमिनो आम्लांच्या तुकड्यात दुसऱ्या जागी ल्यूसीन किंवा मेथिओनीन आणि नवव्या जागी व्हॅलीन किंवा ल्यूसीन पसंत करतो. फ्लूच्या विषाणूच्या मॅट्रिक्स प्रथिनातील ५८ ते ६६ या जागांचा प्रसिद्ध तुकडा मात्र दुसऱ्या जागी आयसोल्यूसीन घेऊन येतो, आणि तरीही या एचएलए प्रकाराच्या माणसांत सर्वांत जोरदार प्रतिसाद बहुधा त्यालाच मिळतो. आजची साधने तो अचूक ओळखतात हे खरे. परंतु ज्या नोंदींवर ती शिकली त्या नोंदींत तो तुकडा आधीच होता, हेही तितकेच खरे आहे.

या व्यवसायात मुरलेल्या माणसाला बंध आणि प्रतिसाद यांतला फरक सांगावा लागत नाही. पेप्टाइड खोबणीत बसले म्हणून पेशी ते मांडेलच असे नाही, कारण त्याआधी प्रथिने कातरणाऱ्या प्रोटिएसोमने ते नेमक्या जागी तोडावे लागते आणि टॅप नावाच्या वाहकाने ते आत नेऊन पोचवावे लागते; आणि मांडले म्हणून टी पेशी प्रतिसाद देईलच असेही नाही. तरीही व्यवहारात काम चालते ते बंधाच्या आकड्यावरच. ५०० नॅनोमोलर ही मर्यादा १९९४ च्या सुमारास यकृतशोथाच्या ब विषाणूवरील अभ्यासातून पुढे आली. तिच्या जोडीला पुढे क्रमवारीची मर्यादा आली, जिच्यात यादृच्छिक तुकड्यांशी तुलना करून वरच्या दोन टक्क्यांत बसणारा तुकडा ठेवायचा आणि उरलेला सोडून द्यायचा. निवडलेले कधी चुकते याची चर्चा सर्वत्र होते, कारण ती चूक प्रयोगशाळेत उघडी पडते आणि पैसे खर्च करून पडते. सोडून दिलेले कधी चुकले याची चर्चा होत नाही, कारण ते कोणी तपासलेलेच नसते. प्रस्तुत लेखकाला गेली काही वर्षे या एकाच अडचणीने धरून ठेवले आहे, आणि तिच्याभोवती फिरण्याखेरीज या लेखात दुसरे काही साधायचे नाही.

या संदर्भात व्हॅक्सिनिया या विषाणूवरील, म्हणजे देवीच्या लशीत वापरल्या गेलेल्या विषाणूवरील, दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात अनेक भाकीतपद्धतींचा कौल एकत्र करून, उंदरांच्या एका वाणासाठी, या विषाणूच्या सर्व तुकड्यांपैकी वरचा एक टक्का म्हणजे १७४ पेप्टाइडे निवडली गेली. त्यांतील ४९ पेप्टाइडांना खात्रीचा प्रतिसाद मिळाला आणि विषाणूला मिळणाऱ्या एकूण प्रतिसादाचा सुमारे ९५ टक्के भाग या ४९ मध्ये सामावला. भाकीतशास्त्राचा याहून मोठा विजय दाखवणे कठीण, आणि तो विजय विश्वासार्ह वाटतो तो उरलेल्या १२५ अपयशांचा हिशेबही त्यात दिला आहे म्हणून. २०१९ चा दुसरा अभ्यास उलट्या दिशेने निघाला. त्यात भाकीत न करता, संसर्ग झालेल्या पेशींनी खरोखर काय मांडले आहे ते रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने वाचले गेले, १७० हून अधिक विषाणूजन्य पेप्टाइडे हाती लागली, आणि त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक पेप्टाइडांना निदान एका तरी उंदरात प्रतिसाद मिळाला. प्रतिसादाचा भार थोड्या तुकड्यांवर एकवटलेला असला तरी ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यांची संख्या त्या ४९ हून कितीतरी मोठी होती. मांडलेल्या बहुतेक तुकड्यांना टी पेशी ओळखतात असा याचा अर्थ होतो, आणि मग इतकी वर्षे टी पेशींच्या लहरीपणाच्या माथी मारलेला दोष बराचसा काय मांडले जाते हे न कळणाऱ्या यादीकडे परत येतो.

प्रस्तुत लेखकाने हे दोन्ही अभ्यास वाचले होते, इतरांना शिकवले होते, आणि तरीही ते आपल्या कामाला लागू आहेत असे त्याला वाटले नव्हते. वाटले ते एका विद्यार्थिनीमुळे. फ्लूच्या विषाणूवरील एका कामात त्याच्या यादीतील पेप्टाइडे एलिस्पॉट या पद्धतीने तपासली जात होती. या पद्धतीत ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये, प्रत्येक खळग्यात साधारण दोन लाख रक्तपेशी एकेका पेप्टाइडाबरोबर रात्रभर ठेवतात, आणि जी टी पेशी पेप्टाइड ओळखून इंटरफेरॉन-गॅमा सोडते तिच्या जागी खळग्याच्या तळाशी खसखशीच्या दाण्याएवढा गडद ठिपका उमटतो. यादी सातव्या ओळीत संपली आणि आठवी ओळ मोकळी राहिली. विद्यार्थिनीने ती वाया जाऊ नये म्हणून फ्रीजरमधील जुन्या संचातून, म्हणजे संपूर्ण प्रथिन एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांनी झाकणाऱ्या संचातून, यादीने नाकारलेले तुकडे त्या ओळीत घातले. दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीतील, क्रमवारीत अगदी वर असलेल्या पेप्टाइडांचे कित्येक खळगे जवळजवळ स्वच्छ होते, आणि आठव्या ओळीतील दोन खळग्यांत ठिपके इतके दाट होते की ते मोजताना एकमेकांत मिसळत होते.

लेखकाचा पहिला निष्कर्ष असा होता की पिपेट चुकीच्या खळग्यात गेली असावी. विद्यार्थिनीने शांतपणे तोच प्रयोग पुन्हा केला, आणि मग आणखी एकदा केला. ठिपके त्याच दोन खळग्यांत आले. त्यानंतर जे घडले ते नोंदवणे भाग आहे, कारण ते लपवले तर या लेखाला अर्थ उरत नाही. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात ती आठवी ओळ नव्हती. ती मूळ आराखड्याचा भाग नाही, असे कारण लेखकाने तेव्हा स्वतःला आणि विद्यार्थिनीला दिले, आणि ते कारण नियमाला धरून होते. परंतु खरे कारण यादीवरचा अभिमान हे होते. क्रमवारीचे आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत छापण्यात, ‘संगणकाने वगळले’ हे शब्द ‘निरुपयोगी ठरले’ या अर्थाने वापरण्यात, आणि वगळलेल्या तुकड्याबद्दल कोणी शंका काढली तर ‘तो मर्यादेच्या खाली आहे’ एवढ्या उत्तराने बोलणे संपवण्यात त्याला कित्येक वर्षे समाधान वाटत आले होते. विद्यार्थिनीने मसुदा परत पाठवला तेव्हा तिने एकच वाक्य लिहिले होते : ‘सर, आठवी ओळ राहिली आहे.’ ती ओळ अंतिम अहवालात गेली.

त्या दोन तुकड्यांचे काय झाले असावे याची कारणे शोधता येतात. बंध दुबळा असूनही जुळणी दीर्घकाळ टिकणारी असू शकते, आणि टी पेशीला बंधाच्या जोरापेक्षा त्या टिकाऊपणाशी अधिक कर्तव्य असते. तुकडा नऊऐवजी दहा किंवा अकरा अवयवांचा असू शकतो, आणि असा तुकडा खोबणीच्या मध्यभागी कमान करून बसतो. साह्यकारी टी पेशींच्या बाबतीत, जेथे खोबणी दोन्ही टोकांनी उघडी असते आणि पेप्टाइड बाहेर लांब पसरू शकते, तेथे भाकीत मुळातच अधिक कच्चे असते. पण सर्वांत अस्वस्थ करणारे कारण साधनांच्या शिकण्यातच आहे. जी पेप्टाइडे प्रयोगशाळेत तपासली जातात ती बहुधा भाकिताने निवडलेली असतात. त्यांचे निकाल नोंदसंग्रहात जातात. पुढचे साधन त्या संग्रहावर शिकते आणि तशाच तुकड्यांना पुन्हा वर आणते. जे कधी निवडलेच गेले नाही त्याबद्दल साधनाला नवे काही कळण्याची वाटच राहत नाही.

हे वर्तुळ भारतातील कामाला अधिक जाचते. ए*०२:०१ विषयीच्या नोंदी इतर बहुतेक प्रकारांहून विपुल आहेत, कारण तो युरोपीय वंशाच्या लोकांत सर्रास आढळतो. भारतीयांत मात्र ए*०२ च्या पोटप्रकारांपैकी ए*०२:११ वारंवार सापडतो, आणि त्याच्याविषयीचे प्रत्यक्ष मोजमाप त्या मानाने फारच थोडे आहे. अशा प्रकारांसाठी आजची सर्वप्रकारी साधने खोबणीला भिडणाऱ्या ३४ अमिनो आम्लांची तुलना करून, परिचित प्रकारावरून अपरिचित प्रकाराचा अंदाज बांधतात. अंदाज बांधण्याची ही युक्ती खरोखर उत्तम आहे, पण छापील तक्त्यात मोजलेला आकडा आणि बांधलेला अंदाज एकाच टंकात, एकाच दशांशात येतात, आणि वाचणाऱ्याला त्यांतला भेद दिसत नाही.

२०२० नंतर या क्षेत्रात जे लेखन झाले त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. एखाद्या विषाणूची प्रथिने संकेतस्थळावरून घ्यायची, वरचे एपिटोप उचलायचे, त्यांच्यामध्ये ए-ए-वाय किंवा जी-पी-जी-पी-जी असे ठरावीक अमिनो आम्लांचे सांधे घालायचे, आरंभी एखादे प्रतिसादवर्धक प्रथिन जोडायचे, त्या काल्पनिक साखळीचा आकार संगणकावर काढून ती एखाद्या ग्राहक प्रथिनाला चिकटते असे चित्र दाखवायचे, आणि एकही खळगा न भरता ‘लस’ हा शब्द शीर्षकात वापरायचा, अशा निबंधांची रीघ लागली. त्यांत प्रतिपिंडांसाठी सरळ साखळीतील तुकडे निवडले जातात, वास्तविक प्रतिपिंडे बहुधा प्रथिनाचा घडी घातलेला आकार ओळखतात, ज्यात साखळीवर दूर असलेले अवयव शेजारी येतात. असे निबंध लिहिणाऱ्यांत कष्टाळू आणि हुशार तरुण पुष्कळ आहेत, प्रयोगशाळेची सोय नसल्याने अनेकांना हाच मार्ग मोकळा असतो, आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष त्यांचा आहे जे परीक्षक म्हणून हे वाचतात आणि एका रिकाम्या खळग्याचाही पुरावा मागत नाहीत. २०२० मध्येच याच साधनांचा नीट उपयोगही झाला. ला होया येथील गटाने मार्चमध्ये करोनाविषाणूसाठी भाकीत प्रसिद्ध केले आणि मे महिन्यात, भाकिताने निवडलेले तुकडे आणि प्रथिने पूर्ण झाकणारे तुकडे अशा दोन्हींचे मोठे संच वापरून, बरे झालेल्या २० जणांच्या रक्तात प्रतिसाद तपासले : साह्यकारी टी पेशींचा सर्वांत, मारक टी पेशींचा सुमारे ७० टक्क्यांत. ट्युबिंगेनच्या कोव्हॅक-१ या लशीतील सहा पेप्टाइडेही आजारातून उठलेल्या माणसांच्या पेशींनी आधी मान्य केलेली होती; ३६ जणांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीत सर्वांत टी पेशींचा प्रतिसाद दिसला, आणि तो निकाल २०२२ च्या आधीच हाती होता.

यादीच्या मर्यादेचा आणखी एक पुरावा २०२१ मध्ये आला. करोनाविषाणूची लागण झालेल्या पेशींनी मांडलेली पेप्टाइडे वस्तुमानयंत्राने वाचली तेव्हा त्यांत विषाणूच्या मान्य प्रथिनांत नसलेली काही पेप्टाइडे सापडली. स्पाइक आणि न्यूक्लिओकॅप्सिड यांच्या जनुकांतील अक्षरे वेगळ्या चौकटीत वाचल्यावर तयार होणाऱ्या प्रथिनांतून ती आली होती. संगणकाला जी प्रथिने दिलीच नव्हती त्यांचे तुकडे त्याच्या यादीत येणे अशक्यच होते.

हा प्रश्न जवळचा आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला, गोचिडींतून पसरणारा माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागातही लोकांना गाठत आहे. त्याच्या विषाणूची प्रथिने सुमारे ३,४०० अमिनो आम्लांच्या एका साखळीतून कापली जातात. नऊ-नऊ अवयवांचे जवळपास तितकेच तुकडे त्यातून निघतात, आणि दोन टक्क्यांची मर्यादा लावली तर एका एचएलए प्रकारासाठी साधारण ६८ हाती राहून ३,३०० हून अधिक तुकडे नाकारले जातात. काजूच्या बागेत राबणाऱ्या, तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाने दिलेल्या दहा मिलिलिटर रक्तातून ५० ते १०० खळगे भरतात. एवढ्याशा रक्तात संगणकाची निवड टाळता येत नाही, आणि म्हणूनच त्या निवडीची चूक कळण्याची सोय त्याच प्लेटवर असली पाहिजे.

प्रस्तुत लेखकाच्या प्रत्येक प्लेटवर आता आठवी ओळ नाकारलेल्या पेप्टाइडांसाठी राखलेली असते, आणि ती पेप्टाइडे चिठ्ठ्या टाकून निवडली जातात, कारण निवड त्याच्यावर सोपवली तर तो पुन्हा आपल्या आवडीचेच तुकडे उचलेल. हे काम करणाऱ्या सर्वांना विनंती आहे की अशी एक ओळ त्यांनीही राखावी, आणि तिचे बाराही खळगे, भरलेले आणि रिकामे, निबंधात छापावेत.