फुटलेल्या जहाजाचं बेट

बर्म्युडा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न त्रिकोणाचा. बेटावर मात्र नजर जाते ती छपरांकडे. चुनखडीच्या दगडाची, चुन्यानं पांढरीशुभ्र केलेली, पायऱ्यापायऱ्यांची. इथे नदी नाही, ओढा नाही. पडेल तो पाऊस या पायऱ्यांवर वेग टाकत पन्हळीत उतरतो आणि घराखालच्या टाक्यात जाऊन साठतो. सिंधुदुर्गावरच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव पाहिलेल्या माणसाला यातली असोशी वेगळी समजावावी लागत नाही.

गुलाबी वाळू सुंदर आहे, फोटोंत दिसते त्याहून फिकी. मला ओढ होती सेंट जॉर्ज गावाची. 1609च्या जुलैत व्हर्जिनियाकडे निघालेलं ‘सी व्हेंचर’ वादळात सापडलं. तळातून पाणी भरू लागलं, तेव्हा ताफ्याचा अ‍ॅडमिरल जॉर्ज सॉमर्स यानं ते मुद्दामच इथल्या प्रवाळखडकांवर चढवलं. दीडशेच्या आसपास माणसं, सगळी वाचली. मोडक्या जहाजाचं सामान आणि बेटावरचं देवदार घेऊन त्यांनी दोन नवी जहाजं बांधली आणि ती पुढल्या मे महिन्यात निघाली. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मागे याच हकिकती असाव्यात, असं अभ्यासक मानतात. सॉमर्स त्याच वर्षी परत आला आणि इथेच वारला. देह इंग्लंडला नेला, हृदय सेंट जॉर्जमध्ये पुरलं. ही वाटणी मला जरा चमत्कारिकच वाटते, पण दर्यावर्दी माणसाला शोभतेही.

पश्चिम टोकाच्या आरमारी गोदीत आता दुकानं आणि क्रूझची गर्दी. ती गोदी उभारायला ब्रिटिशांनी हजारो कैदी आणले आणि त्यांना जुन्या, निकामी जहाजांच्या सांगाड्यांत कोंडून ठेवलं. तटबंदीचं कौतुक करताना हा विषय कुणी फारसा काढत नाही.

देवदारांचं जंगलही उरलं नाही. 1940च्या दशकात खवलेकिडीनं बहुतेक झाडं मारली. उरला तो एक पक्षी, कहाऊ. रात्रीच जमिनीवर येणारा, बिळात घरटं करणारा. जुन्या खलाशांनी त्याचं ओरडणं ऐकून या जागेला सैतानांचं बेट ठरवलं होतं. वस्ती झाल्यावर माणसांनी तो खाल्ला, उंदीर-डुकरांनी उरलेला संपवला, आणि तीन शतकं तो नामशेष समजला गेला. 1951मध्ये कॅसल हार्बरजवळच्या उघड्या खडकांवर त्याच्या मोजक्या जोड्या सापडल्या. शोधणाऱ्यांबरोबर डेव्हिड विंगेट नावाचा शाळकरी मुलगा होता. पुढे त्यानं सगळं आयुष्य या पक्ष्याला दिलं. अडचण होती ती लांब शेपटीच्या पांढऱ्या ‘लाँगटेल’ पक्ष्याची. तो बेटाचा लाडका, पण बीळ बळकावताना कहाऊच्या पिल्लाला मारून टाकणारा. उपाय सुताराच्या हातचा निघाला: बिळाच्या तोंडाशी लाकडी फळी, आणि तिला भोक असं बेतलेलं की कहाऊ जेमतेम आत शिरेल, त्याहून अंगानं थोराड लाँगटेल बाहेरच अडेल.