भांडण कणकेचं की सावत्रपणाचं?

मुलांनो, हा लेख वाचून झाला की आईबाबांना एक प्रश्न विचारा. म्हणावं, ‘हम पांच’ आठवतं का? बघा त्यांचा चेहरा कसा खुलतो ते!

१९९५ साली झी टीव्हीवर ही विनोदी मालिका सुरू झाली आणि १९९९ पर्यंत चालली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या आळीत केबल एकाच घरी आलेली. मालिकेची वेळ झाली, की त्या घराच्या दाराशी आम्हा पोरांच्या चपलांचा ढीग पडायचा. मालिका हिंदी होती, पण त्यातले बाबा आम्हांला अगदी आपले वाटायचे. का नाही वाटणार? आनंद माथुर या बाबांचं काम करत होते आपले अशोक सराफ! त्यांची पहिली बायको देवाघरी गेलेली, पण भिंतीवरच्या फोटोतून ती नवऱ्याशी गप्पा मारायची, टोमणेही द्यायची. ते काम प्रिया तेंडुलकरांचं. दूरदर्शनवरच्या ‘रजनी’ मालिकेमुळे १९८५ सालापासून त्या घराघरांत ठाऊक होत्या. दुसरी बायको बीना. ती झाली होती शोमा आनंद. आणि या सगळ्यांच्या मधे पाच मुली. थोरल्या तिघी पहिल्या आईच्या, धाकट्या दोघी दुसऱ्या आईच्या.

पाचही जणी पाच दिशांना तोंडं केलेल्या. मीनाक्षी बायकांच्या हक्कांसाठी भांडणारी, राधिका पुस्तकात डोकं घालून बसणारी, स्वीटी आरशापुढून न हलणारी, काजल मुलांसारखे कपडे घालून दादागिरी करणारी, तर छोटीला सगळ्या बिल्डिंगच्या बातम्या पाठ! राधिकाचं काम काही काळ विद्या बालननंही केलं होतं. पुढे ती केवढी मोठी नटी झाली, हे तुम्ही जाणताच.

आता गंमत सांगते. यातली कुठली मुलगी कुठल्या आईची, याचा हिशेब आम्ही पोरांनी कधी ठेवलाच नाही. ठेवावासा वाटलाच नाही. कारण त्या घरातली भांडणं आमच्या घरातल्यासारखीच होती. कुणी कुणाची चहाडी केली, कुणी जास्त नखरे केले, कुणी दम दिला, असली. तू माझ्या आईची नाहीस म्हणून मी तुझ्याशी भांडते, असं कुणी बोलत बसायचं नाही.

पुढे अमेरिकेतही अशीच एक मालिका आली, ‘ड्रेक अँड जॉश’. निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर ती २००४ ते २००७ या काळात चालली. ड्रेकची आई आणि जॉशचे बाबा लग्न करतात, आणि दोन मुलांना एका घरात, एका खोलीत राहायची वेळ येते. ड्रेक गिटार वाजवणारा, बेफिकीर, मित्रमैत्रिणींच्या गराड्यात रमणारा. जॉश अभ्यासू, टापटिपीचा, जादूचे प्रयोग करणारा, जरा बावळट. आणि दोघांनाही सळो की पळो करून सोडणारी धाकटी बहीण मेगन. ती ड्रेकची सख्खी, पण खोड्या काढताना सख्खा-सावत्र असा भेदभाव तिनं कधी केला नाही!

अशा विनोदी मालिकांचा एक नियम असतो. भाग संपेपर्यंत कितीही धुमाकूळ होवो, पुढच्या भागात सगळ्यांना त्याच घरात, त्याच सोफ्यावर परत यायचं असतं. रागावून कायमचं निघून जायची सोय नसते. हा नियम मला मोठा शहाणा वाटतो. ‘मी आत्ता तुझा भाऊ झालो’ असं कुणी एका दिवसात ठरवून होत नसतं. भांडून झाल्यावर पुन्हा त्याच घरात जेवायला बसावं लागतं, आणि असं पुष्कळदा झालं, की कधीतरी माणसं भावंडं होतात.

हे मला टीव्हीनं शिकवलं म्हणाल, तर नाही. टीव्हीवर फक्त हसू आलं. उमगलं ते माझ्या वर्गात.

आमच्या आळंदीत इंद्रायणीच्या घाटाइतकीच प्रसिद्ध आहेत ती इथली लग्नं. मंगल कार्यालयं आणि धर्मशाळा पावलोपावली. कमी खर्चात, चार माणसांत लग्न लावायचं, तर दूरदूरचे लोक इथं येतात. त्यांत काही लग्नं दुसरेपणाची असतात. कुणाची बायको आजारानं गेलेली, कुणाचा नवरा अपघातात. अक्षता पडतात तेव्हा एखादं पोरगं कोपऱ्यात खुर्चीवर पाय हलवत बसलेलं दिसतं. फोटोसाठी त्याला बोलावतात, मधे उभं करतात, आणि हस म्हणतात.

अशाच एका घरातली दोन मुलं माझ्या सातवीच्या वर्गात होती. नावं सांगत नाही. एकाला थोरला म्हणू, दुसऱ्याला धाकटा. फरक फक्त सात महिन्यांचा! धाकटा इथलाच. त्याचे वडील चाकणच्या एका कंपनीत कामाला, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. थोरला आईबरोबर मराठवाड्यातून आलेला. आजीला सोडून, गाव सोडून. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याचा सोपा.

धाकट्याला क्रिकेटशिवाय काही सुचायचं नाही. थोरला पखवाज शिकायचा. आळंदीत पखवाज शिकवणारे पुष्कळ. वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली इथं निघाली, तेव्हापासून कीर्तन-भजन शिकायला गावोगावची मुलं येतात आणि आळंदीच्या गल्ल्यांतून संध्याकाळी टाळ-पखवाज ऐकू येतोच. आता पखवाजाची एक गोष्ट तुम्हांला माहीत आहे का? त्याच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, भिजवलेली कणीक थापतात. त्यामुळे आवाज भरदार, घुमणारा येतो. वाजवून झालं की ती काढून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी ताजी लावायची.

भांडण पेटलं ते या कणकेवरून! रोज संध्याकाळी आई पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा थोरल्याला काढून द्यायची. एक दिवस धाकटा म्हणाला, “आमच्या घरची कणीक रोज कशाला वाया घालवतो?”

‘आमच्या घरची.’ दोनच शब्द. पण थोरल्याला ते असे लागले, की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “बाई, माझा दाखला द्या. मी आजीकडं जातो.”

दाखला असा मुलाच्या हाती देत नाहीत, त्याला पालकांचा अर्ज लागतो, हे मी त्याला समजावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, “शेजारच्या काकू पण म्हणाल्या, सावत्रच शेवटी.”

मुलांनो, खरी जखम इथं होती. धाकट्याचं बोलणं वाईटच. पण सख्खे भाऊसुद्धा एकमेकांना असंच लागेल असं बोलतात की! तुमच्या घरी होत नाही का? टीव्हीचा रिमोट, मोठ्या फोडीचा आंबा, खिडकीजवळची जागा यांवरून होणारं भांडण संध्याकाळपर्यंत विरून जातं. याही भांडणाचं तेच झालं असतं. पण कुणीतरी मोठं माणूस आलं आणि त्या भांडणाला नाव ठेवून गेलं. कणकेचं भांडण सावत्रपणाचं झालं. कणकेचं भांडण मिटवता येतं. सावत्रपणाचं मिटवायचं तरी कसं?

‘सावत्र’ हा शब्दच पाहा ना. तो आलाय ‘सवत’ या शब्दाच्या घराण्यातून. एका नवऱ्याच्या दोन बायका म्हणजे सवती. त्यांचं आपसात पटायचं नाही, आणि त्या जुन्या वैराचा वास त्यांच्या मुलांच्या नात्यालाही चिकटला. ‘हम पांच’मधल्या बहिणींचे वडील तरी एक होते. माझ्या वर्गातल्या मुलांची आईही वेगळी आणि बाबाही वेगळे. इंग्रजीत या दोन नात्यांना दोन शब्द आहेत, मराठीत दोघांनाही एकच, सावत्र! त्या घरात सवत कुणीच नव्हती, वैरही नव्हतं. शब्द मात्र जुनंच वैर घेऊन आला.

मोठ्यांच्या गोष्टी मुलांच्या माथी मारायची खोड जुनीच आहे. आळंदीत राहणाऱ्याला हे कुणी सांगायला नको. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांना लोकांनी ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवलं, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. संन्यास सोडून संसारात परतले ते वडील. नाव पडलं ते मुलांना.

आमची इंद्रायणी आळंदीहून पुढं वाहत तुळापूरला भीमेला मिळते. तुळापूर म्हटलं की छत्रपती संभाजी महाराजांचं बलिदान आठवतं. संभाजी महाराज सईबाईंचे, राजाराम महाराज सोयराबाईंचे. दोघांत तेरा वर्षांचं अंतर. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेले, तेव्हा दरबारातल्या काही मोठ्या माणसांनी राजारामांना गादीवर बसवलं. तो अवघ्या दहा वर्षांचा मुलगा. त्याला कुणी काय विचारलं असेल? पुढं संभाजी महाराजांनी राज्य हाती घेतलं. १६८९ मध्ये ते मोगलांच्या हाती सापडले आणि मारले गेले. रायगडाला वेढा पडणार होता. अशा वेळी संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंनी काय केलं? राज्य वाचावं म्हणून या धाकट्या दिराला गडाबाहेर पडायला सांगितलं, आणि त्या स्वतः आपल्या लहानग्या शाहूसह गडावर राहिल्या. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला पोहोचले आणि तिथून लढा चालू राहिला. ज्या नात्यात मोठ्यांनी फूट पाडली होती, त्याच नात्यावर संकटात राज्याची भिस्त पडली!

असो. आपल्या कणकेकडे परत येऊ.

थोरल्याच्या आईला मी शाळेत बोलावलं. वडीलही रात्रपाळी करून तसेच आले, डोळे लाल. उपदेश ऐकायच्या स्थितीत दोघंही नव्हते आणि मलाही तो करायचा नव्हता. घरात दोघांच्या वस्तू कुठं असतात, एवढंच मी विचारलं. तेव्हा कळलं, की भिंतीला खिळा एकच. त्यावर पहिल्यापासून धाकट्याचं दप्तर. थोरल्याचं दप्तर आणि पखवाज सोप्यातल्या पोत्यावर. वर्ष झालं तरी तो त्या घरात पाहुण्यासारखाच होता. वडील काही बोलले नाहीत. पण त्याच रविवारी त्यांनी दुसरा खिळा ठोकला, आणि पखवाजासाठी एक फळी. हे मला धाकट्यानंच येऊन सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात. “बाई, माझ्या बॅटची जागा गेली!”

मी म्हटलं, आता झालं खरं भांडण!

त्यानंतर दोघं गळ्यात गळे घालून फिरू लागले, असं काही झालं नाही हं. टीव्हीवरचं भांडण अर्ध्या तासात मिटतं. खऱ्या घरात महिनेच्या महिने जातात. ते भांडत राहिले, एकमेकांची गाऱ्हाणी आणत राहिले. पण दाखल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मग जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. भजनाला पखवाज थोरल्याचा. कार्यक्रमाला दहा मिनिटं उरली आणि लक्षात आलं, कणीक घरीच राहिली! तो रडवेला झाला. तेवढ्यात धाकटा कुठूनसा धापा टाकत आला. हातात स्टीलचा छोटा डबा. “घे,” म्हणाला, “आणि नीट वाजव. हरलास तर बघ!”

भजनात हरायचं काय असतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. थोरल्यानं डबा घेतला, कणीक थापली, बसला वाजवायला.

तर मुलांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या आळीत असं एखादं घर असेल. कदाचित तुमचंच असेल. भांडण झालं तर भांडा बापडे, पण भांडण कशाचं आहे ते नीट ओळखा. बॅटचं असेल तर बॅटचंच राहू द्या.

आणि आईबाबांनो, तुम्हांलाही एक विनंती. मुलाची ओळख करून देताना ‘हा माझा मुलगा’ एवढं पुरतं, पुढचा खुलासा कुणी मागितलेला नसतो. ‘आई म्हण’, ‘दादा म्हण’ अशी घाईही नको. ते शब्द ज्याच्या त्याच्या वेळेला येतात. पण घरात एक खिळा मात्र त्याच्या नावाचा ठोका. दप्तर टांगायला हक्काची जागा मिळाली, की ‘आमचं घर’ या शब्दांत तोही मावतो.