खिसा सांभाळून मेलबर्न

आमच्या ताईची मुलगी मेलबर्नला एम.एस्सी. झाली. पदवीदान समारंभ 2025 च्या ऑक्टोबरात होता. ताई महानगरपालिकेच्या सफाई खात्यात आहे. भावोजी नोकरीत असताना वारले, त्यांच्या जागेवर ती लागली. मुलीला पाठविण्यासाठी पतपेढीतून कर्ज काढले, त्याला जामीन आम्ही. त्यामुळे "तूही चल रे, मला काय त्यांची भाषा कळणार?" असे ताई म्हणाली तेव्हा आमच्या डोळ्यासमोर विमान नव्हे, हप्ताच उभा राहिला.

तरीही गेलो. दोघे मिळून सतरा दिवस राहिलो आणि ठरवलेल्या रकमेच्या आत परत आलो. आपल्या समाजातील मुले-मुली आता ऑस्ट्रेलियात शिकायला जातात. त्यांच्या आईवडिलांना केव्हातरी असा प्रसंग येईल म्हणून हा जमाखर्च मांडत आहोत. बी.कॉम. झालेल्या कारकुनाला दुसरे काय जमणार!

व्हिसाचे शुल्क तेव्हा माणशी 200 डॉलर होते आणि डॉलर सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपयांच्या घरात. अर्ज संगणकावरून स्वतः भरता येतो. दलालाला पैसे देण्याची गरज नाही. भाचीचे निमंत्रणपत्र, आमचे पगारपत्रक, रजा मंजुरीचा कागद आणि बँकेचा खातेउतारा नीट जोडला. तिकिटे चार महिने आधी काढली, वाटेत एक विमान बदलावे लागले.

पहिला फटका विमानतळावरच बसणार होता. ताईने भाचीच्या मैत्रिणींसाठी पेढे नेले होते. दुधाचे पदार्थ तिकडे चालत नाहीत. विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर खाण्याच्या वस्तू लिहाव्या लागतात आणि लपविल्यास जबर दंड होतो. आम्ही सर्व खरे लिहिले होते. अधिकाऱ्याने पेढे काढून घेतले, पापड परत दिले आणि दंड केला नाही. दोन किलो पेढे डब्यात पडताना ताईचा चेहरा पाहवत नव्हता.

विमानतळावरून शहरात जाण्यासाठी खास बस आहे, ती महाग. भाचीने आम्हाला 901 क्रमांकाच्या साध्या बसने ब्रॉडमेडोज स्थानकापर्यंत आणि तिथून लोकलने आणले. वेळ जास्त लागतो, पण पैसे नेहमीच्या बसभाड्याइतकेच. यासाठी 'मायकी' नावाचे कार्ड घ्यावे लागते. त्याची किंमत तेव्हा 6 डॉलर होती. दिवसभर कितीही फिरा, 2025 मध्ये 11 डॉलरपेक्षा जास्त कापले जात नसत, आणि शनिवार-रविवारी त्याहून कमी.

हीच मर्यादा राज्यभराच्या व्ही-लाइन गाड्यांनाही लागू आहे. 31 मार्च 2023 पासून हा नियम झाला. म्हणजे मेलबर्नहून दीडशे किलोमीटरवरच्या बेंडिगोला जाऊन परत आलो तरी तेवढेच. बजेटातला माणूस व्हिक्टोरिया राज्य पाहू शकतो तो या एका नियमामुळे.

शहराच्या मध्यभागी तर ट्राम फुकट आहे. 1 जानेवारी 2015 पासून ही सोय आहे. तिथे कार्ड लावूच नये. मात्र हद्द ओळखावी. ट्राममध्ये तशी सूचना देतात, पण गप्पांच्या नादात आमचे लक्ष नव्हते. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने खिडकीवर बोट ठेवून आम्हाला उतरायला लावले, नाहीतर जवळपास तीनशे डॉलर दंडाचे झाले असते. मोठे कलादालन, म्हणजे नॅशनल गॅलरी, या हद्दीच्या जरा बाहेर आहे. फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरून पूल पायी ओलांडावा, पाच-सात मिनिटे लागतात. कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही. वनस्पती उद्यानालाही नाही.

राहायला हॉटेल परवडत नाही. भाची पश्चिमेच्या उपनगरात चार मुलींसोबत भाड्याच्या घरात राहते. घरमालकाला विचारून आम्ही तिथेच पथारी टाकली. नळाचे पाणी बिनधास्त प्यावे. बाटली विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात. बाहेर कॉफीचा एक पेला पाच डॉलरचा. ताई लगेच रुपयांत गुणाकार करायची आणि पेला खाली ठेवायची. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट 1878 पासूनचा बाजार आहे, सोमवारी व बुधवारी बंद. तिथे बाजार उठण्याच्या वेळी जावे, भाजी-फळांचे भाव उतरतात. तेल-डाळ-पिठासाठी डँडेनाँगची भारतीय दुकाने आहेत. ऑक्टोबरात तिकडे वसंत ऋतू असतो खरा, पण सकाळी ऊन, दुपारी पाऊस आणि संध्याकाळी हुडहुडी. आम्ही जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानातून दोन जाकिटे घेतली, ती आजही वापरतो.

सर्वात जास्त वेळ गेला तो स्टेट लायब्ररीत. 1856 मध्ये ती लोकांसाठी उघडली. घुमटाखालचे अष्टकोनी वाचनालय 1913 चे आहे. आत कोणीही जावे, बसावे. आम्हाला कोणी ओळखपत्र विचारले नाही की तिकीट. भाचीने सांगितले की सुरुवातीला इथे एवढीच अट होती: वय चौदाच्या वर असावे आणि हात स्वच्छ असावेत. ताई आपले हात पाहू लागली. मग एका मेजापाशी खुर्ची ओढून बसली आणि तासभर काही न वाचता वर घुमटाकडे पाहत राहिली. आम्हीही तिला उठवले नाही.

जवळच, रसेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, तीन आठचे आकडे मिरवणारा एक खांब आहे. 21 एप्रिल 1856 रोजी विद्यापीठाच्या बांधकामावरील पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली आणि मोर्चा काढून आठ तासांचा दिवस मिळवला, त्याचे हे स्मारक. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे. आपल्याकडे कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला तो 1946 च्या दुरुस्तीने. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. हे आम्ही ताईला सांगत होतो, पण तिचे लक्ष दुसरीकडे होते.

आदल्या रात्री तिला दाराआड टांगलेला चमकत्या पट्ट्यांचा कोट दिसला होता. तसाच कोट ती स्वतः पहाटे रस्त्यावर घालते. भाचीने घरी कळवले होते की ती प्रयोगशाळेत मदतनीस आहे. खरे म्हणजे आठवड्यातून दोन रात्री ती गोदामात खोकी भरत होती.

त्या खांबाखाली ताईने विचारले, "रात्री किती तास उभी असायचीस?"

"आठच, आई. विद्यार्थ्यांना पंधरवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम करताच येत नाही."

"आणि मामाला माहीत होते?"

आम्हाला माहीत नव्हते. जामीनदार मात्र आम्ही होतो. दोन वर्षे हप्ता वेळेवर कसा भरला जातो, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

संसदेजवळच्या बागेत सर डग निकोल्स आणि लेडी ग्लॅडिस निकोल्स यांचे पुतळे आहेत, 2007 चे. तिथल्या मूलनिवासी समाजाचे हे नेते. उमेदीच्या काळात कातडीच्या रंगावरून त्यांना एका फुटबॉल संघात टिकू दिले नाही. पुढे 1976 मध्ये तेच दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचे गव्हर्नर झाले. हे ठिकाण सहलीच्या यादीत नसते, आपल्या लोकांनी मुद्दाम पाहावे.

समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधला. सहल कंपन्यांचे दर ऐकून आम्ही जिलाँगपर्यंत रेल्वे आणि पुढे बसने अपोलो बे गाठले, त्याच मर्यादेच्या भाड्यात.

बेंडिगो मात्र चुकवू नये. सोन्याच्या खाणींचे हे गाव. गावाबाहेर दहा-बारा किलोमीटरवर 'ग्रेट स्तूप' आहे, तिबेटमधल्या ग्यांत्सेच्या स्तूपाच्या धर्तीवर, पायाशी पन्नास मीटर आणि उंची अठ्ठेचाळीस मीटर. आत जेड दगडाची मोठी बुद्धमूर्ती आहे. तो दगड कॅनडात सापडला आणि मूर्ती थायलंडमध्ये घडवली गेली. आम्ही दोघे, भाची आणि तिची मैत्रीण अशा चौघांत टॅक्सीचे भाडे वाटले. तिथली परंपरा तिबेटी, प्रार्थना निराळ्या. ताईने हळू आवाजात आपले त्रिशरण-पंचशील म्हटले. भाची शेजारी बसून तिच्याबरोबर म्हणाली. परतीच्या गाडीत दोघी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या.

समारंभाच्या दिवशी गाऊन भाड्याचा होता. फोटो आम्ही मोबाईलवरच काढले, तिथल्या छायाचित्रकाराचे दर विचारून लगेच मागे फिरलो होतो.

निघताना आमच्या मायकी कार्डांवर मिळून नऊ डॉलर शिल्लक होते. कार्ड चार वर्षे चालते. ती दोन्ही भाचीकडे ठेवली आहेत.