अम्मींचं माहेर, एका दिवसात

अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माहेरी जाऊन बावीस वर्षं झाली होती. माहेर बऱ्हाणपूर. अकोल्याच्या जुन्या शहरातून पहाटे निघालं तर रात्री परत येता येतं, तरी जाणं होत नव्हतं. भाऊ वारले, घर विकलं गेलं, जायचं कुणाकडे? यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्या स्वतःच म्हणाल्या, "मोतीबिंदू वाढतोय. तो पिकायच्या आत एकदा गल्ली बघू द्या." ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना ऐकू येत नाही, हे वेगळं.

फजरनंतर गाडी निघाली. बाळापूर, शेगाव, जळगाव जामोद. शेतांत कापूस फुटलेला, पुढे सातपुडा जवळ आलेला. अम्मींच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात त्यांच्या वडिलांची जुनी पत्रं. घराचा पत्ता त्यांतच. एक पत्र त्यांनी नातीपुढे धरलं, "वाच गं." लेक आठवीत, मराठी शाळेत. तिनं ते उलटसुलट पाहिलं आणि गुपचूप माझ्याकडे दिलं. अम्मी खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी शाळेत मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. लेकीला मराठी शाळेत घालायचा निर्णय माझाच. त्याचा पस्तावा नाही. पण घरी उर्दू शिकवायचं मी रोज उद्यावर ढकललं. पत्ता मीच वाचला. पुढचे दहा-बारा किलोमीटर गाडीत कुणी बोललं नाही.

बऱ्हाणपूर वसवलं फारुकी घराण्यातल्या नासिर खानानं, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला. नाव दिलं हजरत बुरहानुद्दीन गरीब यांचं, ज्यांची मजार आपल्या खुलताबादेत आहे. म्हणजे नाव इकडूनच गेलेलं. बाजारात मराठी, उर्दू, हिंदी एकाच वाक्यात ऐकू येतात.

आधी जामा मशीद पाहिली. समोर पंधरा कमानी, दोन उंच मिनार. राजा अली खान फारुकीनं ती बांधली. आत भिंतीवर अरबी शिलालेख आहे आणि त्याच्या जोडीला संस्कृत, नागरी लिपीत कोरलेला. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि बांधकामाचं साल तीन पद्धतींनी दिलंय: हिजरी 997, विक्रम संवत 1646, शके 1511. इसवी सनाप्रमाणे ते 1590 च्या सुरुवातीला येतं.

लेक टाचा उंचावून एकेक अक्षर लावू लागली. काही अक्षरं जुन्या वळणाची. ती अडखळे, मी सांगे. सुरुवातीलाच सृष्टी निर्माण करणाऱ्याला वंदन आहे, एवढा अर्थ मी अम्मींना सांगितला. "लहानपणी कितीदा आले इथं," त्या म्हणाल्या, "हे कुणी वाचून दाखवलं नव्हतं." मग नातीला तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. जोहरची वेळ होत आली होती, म्हणून निघालो.

कुंडी भंडारा मुलासाठी. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास झालेलं हे काम. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं, केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणलेलं. वर शेतात विहिरींसारखी तोंडं ओळीनं दिसतात, शंभरावर आहेत. पंप नाही, वीज नाही. आमच्याकडे नळ कधी येईल यावर घरातली सगळी कामं ठरतात, त्यामुळे मी तिथं जरा जास्तच वेळ उभी राहिले.

तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना आहे. मुमताज महल 1631 मध्ये इथंच, बऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. आधी तिला आहूखान्यात दफन केलं, वर्षअखेरीस आग्र्याला नेलं. "चौदाव्या?" लेकीनं विचारलं. अम्मी म्हणाल्या, "ताजमहाल सगळे बघतात, बाळंतपण कुणी बघत नाही." त्यांची स्वतःची सात.

गल्ली शेवटी ठेवली होती. पॉवरलूमचा खटखटाट कोपऱ्यावरच कानी आला आणि अम्मी आमच्या पुढे चालू लागल्या. घराच्या जागी तीन मजले उभे आहेत. शेजारच्या दाराची दगडी पायरी मात्र तीच. त्या तिच्यावर बसल्या. आतून एक अनोळखी बाई पाणी घेऊन आली, कोण, कुठून, काही न विचारता. नंतर विचारलं, तेव्हा अम्मींनी वडिलांचं नाव सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. तरी चहा झाला.

निघताना मांडे बांधून घेतले आणि मावा जिलेबी. परतीच्या वाटेवर अंधारात लेक दादीला विचारत होती, लिफाफ्यावरचं पहिलं अक्षर कोणतं. अम्मी मोबाइलच्या उजेडात लिफाफा डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. त्यांनाही नीट दिसत नव्हतं. जिलेबीचा पाक पिशवीत झिरपून एका पत्राला लागला, त्यावरून मुलगा बोलणी खाऊन झोपला.

घरी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. नळ येऊन गेला होता.