वर्धनगडच्या पलीकडे





सातारा ते पंढरपूर हा रस्ता साधारण 140 किलोमीटरचा. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव अशी गावे घेत तो पूर्वेकडे जातो. पहिले तीसेक किलोमीटर ऊस आणि पाटाचे पाणी सोबत करतात, मग वर्धनगडचा घाट लागतो. चढ फार मोठा नाही, पण पावसाच्या हिशेबात खरी शीव इथेच आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मुंबईत सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे 2300. घाटापलीकडच्या माण तालुक्याच्या वाट्याला वर्षभरात 500च्या आसपास येतो, आणि तोही बेभरवशाचा. सह्याद्री चढताना ढग रिकामे होतात आणि पलीकडे उतरणारी हवा कोरडी होत जाते. जुलैत अंधेरी-बोरिवलीला झोडपणारा वाराच माणच्या माळावर पोचतो, पण पाऊस अलीकडेच टाकून.

या रस्त्यावर येणारा मुंबईच्या उपनगरातला सायकलस्वार दमट हवेत तयार झालेला असतो. आरे, घोडबंदर किंवा येऊरच्या चढावर घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो, हातमोजे चिंब होतात, आणि अंग भिजले की हात आपोआप बाटलीकडे जातो. माणदेशात, म्हणजे माणच्या या कोरड्या मुलखात, ही खूणच नाहीशी होते. घाम येतो तितकाच, पण सुटल्याबरोबर उडून जातो. कातडी कोरडी राहते, वारा सुखाचा वाटतो आणि तहान उशिरा कळते. दहिवडीजवळ सावलीला थांबून जर्सी काढली की पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात, हेल्मेटचा पट्टा कडक झालेला असतो. तोवर शरीरातले लिटरभर पाणी गेलेले असते. मुंबईकरांना माणदेशात त्रास होतो तो बहुतेक वेळा उन्हाच्या तडाख्याने नव्हे, या न दिसणाऱ्या घामाने.

म्हणून पाणी तहानेवर नव्हे, घड्याळावर प्यावे. दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. नुसते पाणीच ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम कमी होते, डोके दुखते, मळमळते, आणि माणूस अजून पाणी पितो. ओआरएसची पुडी, मीठ घातलेले लिंबूपाणी, ताक आणि ठेचा-भाकरी हा त्यावरचा उतारा. लघवी गडद झाली तर वेग कमी करावा. उन्हात शहारे येऊ लागले किंवा बोलणे असंबद्ध झाले तर सायकल तिथेच आडवी करून सावली गाठावी, अंग ओले करावे, आणि उशीर न लावता दवाखान्यात पोचवावे.

कोरड्या मुलखाशी मुंबईच्या सायकलस्वारांची गाठ जुनीच आहे. मुंबईहून 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून 1928 मध्ये परतले. वाटेत त्यांनी इराण-इराकची वाळवंटे ओलांडली होती. माणदेशात तेवढे धाडस लागत नाही, दहा-पंधरा किलोमीटरवर चहाची टपरी असतेच. इथे लागते ती शिस्त.

पाण्याची शिस्त मागण्यातही हवी. उन्हाळ्यात या भागातल्या कित्येक वाड्या टँकरवर जगतात, आणि तरीही दारात थांबलेल्याला तांब्या पुढे केला जातो. त्यातले प्यावे, बाटली भरावी. तोंड धुवायला किंवा टोपी भिजवायला ते पाणी वापरू नये. नळाखाली डोके धरायची सवय मुलुंड-घाटकोपरला सोडून यावी.

टायरचे वैरी दोन, बाभूळ आणि सराटा. सराट्याचे फळ कसेही पडले तरी त्याचा एखादा काटा वर राहतोच. रस्त्याच्या कडेच्या मातीत ते पसरलेले असते, त्यामुळे सायकल डांबरावरून खाली घेण्याऐवजी उचलून न्यावी. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काट्याचे मोडलेले टोक शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. ते राहिले तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे साडेपाचला सातारा सोडले की साडेदहा-अकराला गोंदवले बुद्रुक गाठता येते. तिथल्या ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधिमंदिरात दुपारी महाप्रसाद असतो आणि येणाऱ्या कोणालाही पंगतीत जागा मिळते. महाराजांनी 1913 मध्ये देह ठेवला, अन्नदान अजून चालू आहे. जेवणानंतर साडेतीनपर्यंत सायकलला हात लावू नये. दुपारचे हे चार तास वाया गेले असे वाटणाऱ्याने हा रस्ता घेऊच नये.

म्हसवडला सिद्धनाथाचे देऊळ आहे, आणि 1997 मध्ये चेतना सिन्हा यांनी सुरू केलेली माणदेशी महिला बँकही याच गावची. जवळच ब्रिटिश काळात बांधलेला राजेवाडी तलाव आहे. पावसाने दगा दिला की त्याचे पात्र उघडे पडते. पुढे पिलीवपर्यंत वस्ती विरळ, म्हणून दोन्ही बाटल्या म्हसवडलाच भरून घ्याव्यात. पंढरपूर येईतो अंधार पडतो. पुढचा-मागचा दिवा सकाळीच तपासलेला बरा.

परतीच्या खासगी गाड्या पंढरपुराहून रात्री सुटतात. डिकीत सायकल घालताना पुढचे चाक काढून गिअरची बाजू वर ठेवावी, आणि क्लीनरला बॅगा तिच्यावर न रचण्याबद्दल आधीच सांगावे.